छपराचा डेक मूळ घराशी कसा जुळवावा: पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

मागच्या दाराबाहेर डेक, म्हणजे घराला लागून बसायचा फळ्यांचा किंवा फरशीचा ओटा, बांधायचा आणि त्यावर छप्पर घालायचं, एवढंच आमचं ठरलं होतं. पहिला आराखडा मीच वहीच्या पानावर काढला. वरून पाहिल्यासारखा एक आयत, कोपऱ्यांत खांब, मध्ये दोन खुर्च्या. त्या चित्रावर आम्ही दोन महिने चर्चा केली आणि मग ते पान फाडून टाकलं. डेक घरात मिसळतो की नाही हे वरून काढलेल्या चित्रात दिसतच नाही. घर उभं कापून बाजूने पाहिलं तर जे दिसेल, त्या छेदात ते दिसतं. छप्पर भिंतीला किती उंचीवर लागतं, किती उतरतं, बाहेरच्या टोकाला डोक्यावर किती जागा उरते, पाणी कुठे पडतं, हे सगळं तिथे असतं. म्हणून या लेखात छेद आधी येतो आणि रंग जवळजवळ शेवटी. बहुतेक जण नेमके उलट क्रमाने जातात. मीही गेले होते.

१. आधी घराच्या सवयी टिपा

प्रत्येक घराला काही सवयी असतात. खिडक्यांच्या वरच्या कडा बहुधा एकाच ओळीत असतात. वळचण भिंतीपासून ठरावीक अंतर पुढे येते. पाख्यांचा, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूंचा, उतार ठरलेला असतो. गिलाव्यात एखादी पट्टी फिरलेली असते, कठड्याच्या गजांमध्ये एक ठरावीक अंतर असतं. नवा डेक यातल्या तीन-चार सवयी उचलतो, तेव्हा तो परका वाटत नाही. सगळ्याच उचलायला गेलात तर नक्कल होते आणि नक्कल जवळून लगेच ओळखू येते.

जिथे डेक यायचा त्या भिंतीचा समोरून, शक्य तितक्या लांबून, सरळ फोटो काढा. एक फोटो रस्त्याकडून आणि एक खोलीच्या आतून बाहेर बघताना काढा. मोठे प्रिंट काढून त्यांवर पट्टीने आडव्या रेघा मारा: जोत्याची, खिडकीच्या तळाची, खिडकीच्या माथ्याची, वळचणीची. पुढचं सगळं या रेघांवरच बेतायचं आहे.

छपराचा उतार मोजायला महागडं उपकरण लागत नाही. एक फूट लांबीची पट्टी पाख्याच्या कडेशी लेव्हलने आडवी धरा. तिच्या मोकळ्या टोकापासून पाख्यापर्यंत सरळ खाली जे अंतर येईल तो उतार. एका फुटाला तीन इंच उतरत असेल तर उतार १:४, म्हणजे साधारण १४ अंश. सहा इंच उतरत असेल तर १:२, म्हणजे जवळपास २७ अंश. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

२. लागणारे कागद आणि हत्यारं

कागद:
- जागेचा हद्दीसह मोजणी नकाशा
- घराचा मंजूर आराखडा आणि मिळाल्यास पाया, तुळया व स्लॅबची स्ट्रक्चरल ड्रॉइंग
- जमिनीखालून गेलेले पाण्याचे, सांडपाण्याचे आणि विजेचे मार्ग दाखवणारा नकाशा. नसेल तर स्वतः शोधून काढलेला कच्चा नकाशा
- सामाईक भिंत किंवा सामाईक जागा असेल तर संबंधितांची लेखी संमती

हत्यारं: लांब मोजपट्टी, ओळंबा, दोरी आणि खुंट्या, पाणी भरून लेव्हल बघायची पारदर्शक नळी, आलेख कागद. चार लांब बांबू किंवा पाइप आणि एक मोठी ताडपत्रीही लागेल. ती कशाला, ते पाचव्या पायरीत येईल.

जमिनीखालच्या नकाशाचा कंटाळा करू नका. आमच्या पहिल्या आखणीत एका खांबाचा खड्डा नेमका सांडपाण्याच्या पाइपवर येत होता आणि चेंबरचं झाकण डेकच्या फळ्यांखाली कायमचं बंद होणार होतं. खांब दीड फूट सरकवला आणि झाकणावर उचलता येईल असा फळ्यांचा चौकोन केला. कागदावर हे अर्ध्या तासात झालं. काँक्रीट पडल्यावर कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

३. परवानगीचं आधी विचारा

उघडा डेक आणि छपराचा डेक यांना नियम बहुधा एकच मानत नाहीत. छप्पर आलं की ती जागा बांधकामाच्या क्षेत्रफळात धरली जाऊ शकते आणि हद्दीपासून सोडायचं अंतरही बदलू शकतं. तुमच्या भागातल्या बांधकाम परवानगीच्या कार्यालयात तीन प्रश्न विचारा. हे क्षेत्रफळात धरतात का? हद्दीपासूनचं अंतर खांबापासून मोजतात की वळचणीच्या टोकापासून? तीन बाजू उघड्या ठेवल्या आणि पुढे कधी जाळी किंवा काच लावली, तर पुन्हा परवानगी लागेल का? दुसऱ्या प्रश्नात भलेभले फसतात. खांब नियमात बसतो आणि वळचण दीड फूट बाहेर जाते.

४. उंचीचा हिशोब: सगळ्यात जास्त वेळ इथे घाला

आलेख कागदावर घराची भिंत उभी काढा. डेकची जमीन शून्य धरून प्रत्येक गोष्टीची उंची मांडा. आमचे आकडे देते, म्हणजे पद्धत कळेल.

वरच्या मजल्यावरच्या खिडकीचा तळ डेकच्या जमिनीपासून ११ फुटांवर होता. छप्पर जिथे भिंतीला भिडतं, तिथे पत्र्याची वळवलेली पट्टी भिंतीवर किमान ६ इंच वर चढवायला हवी. कारागीर तिला फ्लॅशिंग म्हणतात. म्हणजे छपराचा माथा १० फूट ६ इंचांच्या वर जाऊ शकत नव्हता. पत्रा, त्याखालच्या आडव्या रिपा आणि त्या पेलणारे तिरपे वासे मिळून जाडी ८ इंच. म्हणजे भिंतीशी वाशांचा तळ ९ फूट १० इंचांवर. इथवर मी खुश होते.

घराचा उतार १:४ होता आणि मला तोच हवा होता. शेवटी घराशी जुळायला हवं ना! भिंतीपासून खांबांच्या रांगेपर्यंत १२ फूट. १२ फुटांत १:४ ने उतरलं की ३ फूट गेले. वाशांचा तळ आला ६ फूट १० इंचांवर. वाशांखाली ९ इंचांची तुळई. तुळईचा तळ ६ फूट १ इंच. घरात सहा फुटांहून उंच माणूस असेल तर तो रोज मान खाली घालून बागेत उतरणार. शिवाय वासे तुळईच्या पुढे दीड फूट जाणार होते, म्हणजे टोकाला ते आणखी साडेचार इंच खाली. बसून बाहेर बघितलं तर आकाशाऐवजी पत्र्याची कड दिसली असती.

यातून सुटायचे मार्ग असे:

- उतार कमी करणं. १:८ केला की १२ फुटांत दीडच फूट उतरतो आणि तुळईचा तळ ७ फूट ७ इंचांवर येतो. पण उतार मालाला चालला पाहिजे. मातीच्या साध्या कौलांना सर्वसाधारणपणे २५ ते ३० अंशांच्या आसपास उतार लागतो. १:८ म्हणजे जेमतेम ७ अंश. त्यावर कौलं घातली तर वाऱ्याबरोबर पाणी उलटं आत शिरतं. इतक्या कमी उतारावर लांब, मध्ये जोड नसलेले पत्रे घालावे लागतात. त्यांच्या प्रकाराला किमान किती उतार लागतो ते बनवणाऱ्याच्या तक्त्यात बघा.
- तुळई वाशांच्या खाली न ठेवता त्यांच्याच पातळीत घेणं आणि वासे लोखंडी पकडींनी तिला अडकवणं. ९ इंच वाचतात. खर्च आणि मेहनत वाढते.
- डेक घराच्या जमिनीपेक्षा एक पायरी खाली घेणं. सहा इंच मिळतात.
- डेक भिंतीपासून बाहेर कमी काढणं. १२ ऐवजी १० फूट. टेबल आणि त्याभोवती मागे सरकणाऱ्या खुर्च्यांना १० फूट पुरतात. नुसतं बसायला त्याहून कमीही चालतं.

आम्ही उतार १:८ घेतला, तुळई वाशांच्या पातळीत आणली, आणि त्यातून वाचलेली उंची एका वेगळ्याच गोष्टीवर खर्च केली. छप्पर भिंतीवर इतकं खाली आणलं की तुळईचा तळ आणि घरातल्या खिडक्यांचे माथे एकाच ओळीत आले. फोटोवर मारलेली ती रेघ आठवते? ती भिंतीवरून निघून सरळ तुळईत गेली. उतार मूळ घरापेक्षा वेगळा आहे हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही, कारण डोळा आडव्या ओळी आधी पकडतो. उतारातला फरक नजरेत भरतो तो दोन्ही पाखी बाजूने एकाच वेळी दिसली तर. म्हणून तुमच्या घराची ती बाजू रस्त्याकडे असेल, तर मात्र उतार जुळवण्याचा जास्त आग्रह धरा.

५. छपराचा आकार, आणि आतला अंधार

तीन मुख्य पर्याय आहेत.

पहिला, घराचंच पाखं पुढे ओढून पडवी काढायची. घर एकमजली आणि वळचण उंच असेल तर याच्याइतकं घराशी एकजीव होणारं दुसरं काही नाही. अडचण उंचीचीच. पाखं जितकं पुढे, तितकं खाली. काही घरांत वळचणीपासून पुढे उतार थोडा कमी करून हे जमवतात. मोडलेली ही रेघ उलट छान दिसते.

दुसरा, भिंतीला खाली वेगळं एकउतारी पाखं लावायचं. दुमजली घराला बहुधा हाच, आणि वरचा सगळा हिशोब याचाच.

तिसरा, नवं आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचा कणा, घराला काटकोनात बाहेर काढून दोन्ही बाजूंना पाखी सोडायची. यात बाहेर जाताना उंची कमी होत नाही आणि मधोमध उंच, हवेशीर जागा मिळते. पण नवं छप्पर जुन्या पाख्यात घुसतं तिथे दोन घळी तयार होतात आणि सगळं पाणी त्या घळींतून वाहतं. पानं साचतात, पाणी तुंबतं, गळतं. घळीत रुंद पत्रा आणि वर्षातून दोनदा झाडू, या दोन्हींची तयारी असेल तरच हा पर्याय घ्या.

आकार कागदावर पक्का करण्याआधी ताडपत्री बाहेर काढा. चार बांबू खांबांच्या जागी रोवा आणि ठरलेल्या उतारात, ठरलेल्या उंचीवर ताडपत्री बांधा. दोन दिवस तशीच ठेवा. सकाळी, दुपारी आणि दिवे लावायच्या वेळी आतल्या खोलीत जाऊन बसा. छपराचा डेक ज्या खोलीला लागून येतो तिचा उजेड तो खातो, आणि किती खातो ते आकड्यांत कळत नाही. आमच्याकडे दुपारी चार वाजता दिवा लावावा लागला. मग छपराच्या भिंतीकडच्या भागात, बरोबर खिडकीसमोर, पॉलिकार्बोनेट या टणक प्लॅस्टिकचा पारदर्शक पट्टा घेतला आणि छताच्या आतल्या फळ्या जवळजवळ पांढऱ्या केल्या. तेवढ्याने काम झालं.

पॉलिकार्बोनेटबद्दल दोन गोष्टी. त्याच्या एका बाजूवर उन्हापासून रक्षण करणारा थर असतो आणि ती बाजू वरच यायला हवी. उलटं बसवलं तर काही वर्षांत पिवळं पडतं. दुसरं, ते उन्हाने भरपूर वाढतं: एका मीटरला, एका अंशाला सुमारे ०.०६५ मिलिमीटर. चार मीटरच्या पट्ट्यात ४० अंशांचा फरक पडला तर तो सेंटिमीटरभर लांब होतो. म्हणून स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडायची. घट्ट आवळलेला पट्टा आधी कुरकुरतो, मग तडकतो.

६. भिंतीला टेकवायचं की स्वतःच्या पायावर उभं करायचं?

भिंतीला आडवी तुळई ठोकून वासे तिच्यावर टेकवले की खांबांची एक रांग वाचते. म्हणून जो तो हेच सुचवतो. पण डेक कोसळतो तेव्हा बहुतेक वेळा हाच सांधा सुटलेला असतो. खिळ्यांवर कधीही विसंबू नका. खिळा ओढला की बाहेर येतो. भिंतीत खोल गेलेले किंवा आरपार बोल्ट हवेत. ते दोन ओळींत, एक वर एक खाली असे, शक्यतो स्लॅबच्या किंवा लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडकीच्या माथ्यावरच्या तुळईच्या, काँक्रीटमध्ये बसायला हवेत. जुन्या, भुसभुशीत चुन्याच्या विटकामात, पोकळ ब्लॉकमध्ये किंवा शोभेसाठी लावलेल्या विटांच्या थरात ते धरत नाहीत. बाहेर काढलेल्या छज्ज्याला किंवा बाल्कनीला तर वासे टेकवूच नका. ती आधीच स्वतःचं वजन पेलत लटकलेली असते.

दुसरी गोष्ट पायाची. घराचा पाया बसायचा तेवढा कधीच बसून गेलेला असतो. नवा पाया पहिल्या काही वर्षांत थोडा बसणार, मग तो मिलिमीटरमध्ये का असेना. नवं आणि जुनं घट्ट बांधलं तर तडा जायचा तिथेच जातो, आणि मग दर वर्षी पुट्टी भरायची.

आम्ही भिंतीपासून फूटभर अंतरावर खांबांची स्वतंत्र रांग घेतली आणि छप्पर तिथून भिंतीकडे थोडं पुढे काढलं. भिंतीला ते कुठेही टेकत नाही. मध्ये १५ मिलिमीटरची फट सोडली आहे. तिच्यावर दोन भागांची फ्लॅशिंग आहे: एक पट्टी भिंतीत खाच पाडून बसवलेली, दुसरी छपराला जोडलेली. वरची पट्टी खालचीवर झाकणासारखी येते, पण त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. छप्पर थोडं खाली बसलं तर पट्ट्या एकमेकींवरून सरकतात, फाटत नाहीत. खाच इंचभर खोल हवी आणि ती गिलाव्यात न थांबता विटांच्या दरजेत गेली पाहिजे. नुसतं सिलिकॉन फासून "पाणी येणार नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला चहा द्या आणि दुसरा माणूस बघा.

ती फट दिसायलाही कामाची ठरते. जुना गिलावा आणि नवं लाकूड एकमेकांना भिडवलं की दोन्हींचा ओबडधोबडपणा उघडा पडतो. मध्ये बारीक सावलीची रेघ आली की दोन्ही कडा नीट दिसतात. जुळत नसेल तिथे फट सोडा, हे मला एका सुताराने शिकवलं.

७. वारा: छप्पर खाली पडण्याआधी वर उडतं

उघड्या बाजूंच्या छपराखाली वारा शिरतो आणि त्याला उचलतो. वाऱ्याचा दाब काढायचं साधं सूत्र आहे: मीटर प्रतिसेकंदातल्या वेगाचा वर्ग गुणिले ०.६. ताशी १४४ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला ४० मीटर. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण १०० किलो वजनाइतका येतो. १२ फूट बाय १६ फूट छप्पर म्हणजे जवळपास १८ चौरस मीटर, म्हणजे ओढ १,८०० किलोंच्या घरात. छपराच्या आकारानुसार ती कमी-जास्त होते. त्या छपरावरच्या पत्र्यांचं वजन शंभर किलोही भरत नाही.

म्हणून पत्र्यापासून पायापर्यंत एक अखंड साखळी हवी. पत्रा रिपेला, रिप वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला, खांब पायाला, आणि प्रत्येक जोडावर ओढ सोसणारी लोखंडी पट्टी किंवा बोल्ट. यातली एकच कडी खिळ्यांची असली तर बाकीच्या सगळ्या वाया. पायाचं वजनही इथे कामाला येतं: दोन फूट लांब, रुंद आणि खोल काँक्रीटचा ठोकळा साधारण ५४० किलोंचा असतो. खड्ड्याचं आणि तुळयांचं माप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. बाकी कुठे काटकसर करायची असेल ती करा, त्याच्या फीमध्ये नको.

८. खांब

खांब सम संख्येत ठेवा. चार खांब म्हणजे तीन गाळे, आणि मधोमध मोकळी वाट. तीन खांब घेतले की मधला नेमका दारासमोर उभा राहतो. खांबांच्या मध्यरेषा खिडक्यांच्या मधल्या भिंतींशी जुळवा, म्हणजे आतून बाहेर बघताना दृश्य चिरलं जाणार नाही. गाळे अगदी सारखे आलेच पाहिजेत असं नाही, मधला थोडा रुंद चालतो.

जाडी इंजिनिअर सांगेल ती ताकदीपुरती असते. नऊ फूट उंचीला चार इंची खांब वजन पेलेलही, पण दिसतो काडेपेटीतल्या काडीसारखा. घर जाड भिंतींचं असेल तर खांब सहा-आठ इंचांचा दिसू द्या, हवं तर चारही बाजूंनी फळ्यांचं वेष्टन घालून. घर हलकं, मोठ्या काचांचं असेल तर बारीक लोखंडी खांबच शोभतात. लाकडी खांब काँक्रीटमध्ये कधी पुरू नका. कापलेल्या टोकातून लाकूड पाणी स्ट्रॉसारखं ओढतं. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी बैठकीवर ते जमिनीपासून इंचभर वर उचला.

९. पाणी कुठे जाणार?

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या १८ चौरस मीटरवर तासाला ५० मिलिमीटर पडला तर ९०० लिटर. पण मूळ घराचं ३० चौरस मीटरचं पाखंही त्याच बाजूला उतरत होतं, म्हणजे आणखी १,५०० लिटर. पन्हळीचं माप घेताना हे विसरायला होतं. त्यापेक्षा घराच्या वळचणीला आधी स्वतंत्र पन्हळ लावून ते पाणी बाजूला काढा. नव्या छपरावर ते वरून आदळू देऊ नका.

उतरता पाइप खांबाच्या मागच्या बाजूने, खांबाच्याच रंगात आणा. आणि तो कुठे रिकामा होतो ते बघा. खांबाच्या पायाशी सोडला तर तोच पाया भुसभुशीत होतो.

१०. पायाखालची जमीन

डेक आतल्या फरशीच्या जवळजवळ पातळीत हवा असेल तर इंच-दोन इंच खाली घ्या आणि दाराशी जाळीची नाली द्या. नाहीतर सरळ सहा इंचांची पूर्ण पायरी करा. मधलं तीन इंचांचं माप टाळा. डोळ्यांना ते दिसत नाही आणि पायाला लागतं.

फरशी किंवा काँक्रीट असेल तर घरापासून दूर उतार द्या, १२ फुटांत दोन इंच पुरतात. फळ्या असतील तर त्या सपाट चालतात. त्यांच्यामध्ये साधारण ५ मिलिमीटरची फट ठेवा आणि खालच्या मातीला बाहेरच्या बाजूला उतार द्या. फळ्या ज्यांवर टेकतात त्या आडव्या कड्या सहसा दर १६ इंचांवर येतात. लाकूड आणि प्लॅस्टिकच्या मिश्रणाच्या फळ्यांना त्याहून जवळ लागू शकतात. लाकूड दमटपणाने रुंदीत फुगतं, या मिश्र फळ्या उन्हाने लांबीत वाढतात, म्हणून त्यांच्या टोकांशीही फट हवी. डेकखाली हवा खेळू द्या आणि घराच्या जोत्यातले झरोके बुजवू नका.

जमिनीपासून उंची जास्त असेल तर कठडा आला. तीन ते साडेतीन फूट उंच, आणि गजांमध्ये चार इंचांपेक्षा कमी अंतर, म्हणजे लहान मुलाचं डोकं अडकणार नाही. घरात आधीच बाल्कनी असेल तर तिथल्या गजांची जाडी आणि अंतर उचला. फुकटात जुळणारी एवढी एकच गोष्ट असते.

११. माल आणि रंग

जुन्या रंगाचा क्रमांक शोधून तोच डबा आणलात तरी तो जुळत नाही, कारण भिंतीवरचा रंग उन्हाने उतरलेला असतो. दोन फूट चौरस फळीवर नमुना लावा, भिंतीला टेकवून आठवडाभर बाहेर ठेवा, ओला असतानाही बघा. तरी जुळला नाही तर अर्धवट जुळवू नका. दोन छटा गडद करून मुद्दाम वेगळा ठेवा. थोडासा चुकलेला रंग चूक वाटतो, नीट वेगळा केलेला ठरवून केलेला वाटतो.

कौलांसाठी एक युक्ती आहे. मूळ घराच्या मागच्या, न दिसणाऱ्या पाख्यावरची जुनी कौलं काढून नव्या छपरावर घाला आणि नवी कोरी कौलं मागे लावा. माप आणि प्रकार एक असला पाहिजे, आणि वर म्हटल्याप्रमाणे उतार पुरेसा असला पाहिजे. उतार कमी असल्याने पत्रा घालावा लागला, तर वळचणीच्या कडेची पट्टी मूळ घराच्याच उंचीची आणि रंगाची करा. खालून बघणाऱ्याला पत्रा दिसतच नाही, पट्टी दिसते.

तांब्याची रसायनं मुरवून टिकाऊ केलेलं लाकूड वापरणार असाल तर साधे खिळे-स्क्रू त्यात लवकर गंजतात. वितळलेल्या जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या, समुद्राजवळ स्टेनलेसचा ३१६ हा प्रकार. अ‍ॅल्युमिनियमची फ्लॅशिंगही अशा लाकडाला थेट लागू देऊ नका.

१२. काम सुरू झाल्यावर

आखणी झाली की काटकोन तपासा. एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करा, दोन्ही खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं पाहिजे. मोठ्या आखणीला ६, ८, १० घ्या. शिवाय आयताचे दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत का ते बघा. पण हे घराच्या भिंतीवर विसंबून करू नका, आधी ती भिंतच सरळ आहे का ते दोरीने बघा. आमची नऊ मीटरमध्ये दोन सेंटिमीटर वाकडी निघाली. तो फरक आम्ही त्या सावलीच्या फटीत जिरवला.

दिव्यांच्या, पंख्याच्या आणि प्लगच्या नळ्या छताच्या आतल्या फळ्या लागण्याआधी टाकून घ्या. पंखा टांगायचा असेल तर त्या जागी दोन वाशांमध्ये जाड आडवा तुकडा आत्ताच ठोकून घ्या. पंखा दमट जागेत चालणारा हवा. एसीचा बाहेरचा भाग, स्वयंपाकघराच्या धुराचं तोंड किंवा गॅसचा मीटर नव्या छपराखाली येत असेल तर आधी हलवा.

छपराखालच्या फळ्या लावण्याआधी रबरी नळीने पाणी मारून बघा. सुरुवात वरून करू नका. पन्हळीपासून वर, मग पत्र्यांचे जोड, मग फ्लॅशिंग, शेवटी वरची भिंत, असं खालून वर जात प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच पोहोचतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. आमच्याकडे ते फ्लॅशिंगमधून आलंच नाही, खिडकीच्या तळाच्या एका जुन्या भेगेतून आलं. डेक नसता तर ती भेग आणखी कित्येक वर्षं कुणाला दिसली नसती. ओल्या लाकडाचे सांधे वर्षभरात आकसून सैल होतात, तेव्हा शेवटचं बिल देताना बोल्ट एकदा पुन्हा आवळून देण्याचं लिहून घ्या आणि पाना कुठे ठेवलाय ते स्वतःही लक्षात ठेवा.